कोरोनरी धमनीतला फुगवटा आणि व्हीईजीएफ: हा घटक नेमकं काय करतो?

सावलीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज धागा काढतेय कारण डोक्यात गोंधळ झालाय. माझी मुलगी तीन वर्षांची, चार महिन्यांपूर्वी तिला कावासाकी (लहान मुलांत रक्तवाहिन्यांना जळजळ होणारा आजार) झाला. आधी पाच दिवस ताप, घशाचं इन्फेक्शन म्हणून अँटीबायोटिक चालू होतं, मग डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी ओळखलं आणि नवव्या दिवशी आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीचं औषध) मिळालं. ताप उतरला पण दुसऱ्या इकोत एलएडी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी डाव्या बाजूची कोरोनरी धमनी, ३.३ मिमी आली, झेड स्कोअर ५.४, म्हणजे मध्यम आकाराचा फुगवटा. अ‍ॅस्पिरिन चालू आहे.

रात्री ती झोपली की मी वाचत बसते. त्यात एक नाव सारखं समोर येतं, व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा घटक. कावासाकीत तो वाढतो, फुगवटा झालेल्या मुलांत जास्त वाढतो असं लिहिलेलं असतं. मग मला कळत नाही की वाहिनी "वाढवणारा" घटक आहे म्हणून धमनी फुगली का? आणि तसं असेल तर त्याची टेस्ट का सांगत नाहीत, कॅन्सरमध्ये त्याला रोखणारी औषधं देतात म्हणे, ती का देत नाहीत? प्लीज कोणी नीट समजावून सांगा, सोपं करून सांगायची गरज नाही, मी वाचेन दहा वेळा.

निशाचर

ताई, वाचतोय. माझ्या भाच्याला हेच झालं होतं, पण आम्हाला हा शब्द कोणी सांगितलाच नव्हता. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतो.

काचपट्टी

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, तेव्हा औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण भिंतीत काय होतं ते सांगू शकते. गोंधळाचं मूळ नावातच आहे. "वाढवणारा" म्हटलं की वाटतं धमनी हवा भरल्यासारखी मोठी होत जाते. तसं होत नाही.

या रेणूचा शोध दोनदा लागलाय असं म्हटलं तरी चालेल. १९८३ साली सेंगर आणि ड्वोरॅक यांच्या गटाला ट्यूमरमधून निघणारा एक पदार्थ सापडला, त्याने छोट्या वाहिन्या गळायला लागायच्या, हिस्टामिनपेक्षा हजारो पटींनी जास्त, म्हणून त्यांनी त्याला वाहिन्या गळवणारा घटक असं नाव दिलं. मग १९८९ मध्ये फेरारा यांच्या गटाने नव्या वाहिन्या फुटायला लावणारा पदार्थ वेगळा काढला, त्याला व्हीईजीएफ म्हटलं, आणि जीन बघितल्यावर कळलं की दोन्ही एकच. जगभर दुसरं नाव रुळलं. कावासाकीसाठी मात्र मला पहिलंच नाव जास्त खरं वाटतं, निदान पहिल्या दोन आठवड्यांपुरतं.

आता भिंत बघा. कोरोनरी धमनीला तीन थर, आत इंटिमा, मध्ये स्नायूंचा मीडिया, बाहेर अ‍ॅडव्हेंटिशिया. इंटिमा आणि मीडियाच्या मधे लवचीक तंतूंची एक पट्टी असते, इलॅस्टिक लॅमिना. खास स्टेन (रंग) केला की ती काळी, नागमोडी रेघ दिसते, निरोगी धमनीत कशी सलग, सुंदर वळणं घेत गोल फिरते. धमनीचा आकार टिकतो तो मुख्यतः या लवचीक तंतूंवर आणि मीडियावर. कावासाकीने गेलेल्या मुलांच्या धमन्यांच्या स्लाइड शिकताना पाहिल्यात, त्यात ती काळी रेघ मधेच तुटलेली असते, तुकडे इकडेतिकडे, काही ठिकाणी रेघच नाही, मीडियाचे स्नायू विरलेले, आणि बाहेरच्या थरात पेशींची गर्दी. त्या गर्दीत बारीक बारीक नव्या वाहिन्या असतात, जिथे एरवी तुरळकच असायला हव्यात. आणि जाड झालेल्या इंटिमातही असतात, जिथे एरवी एकही नसते. व्हीईजीएफसाठी स्टेन केला की अशा ठिकाणच्या पेशी रंग घेतात.

थोडक्यात व्हीईजीएफ भिंत फुगवत नाही, तो दारं उघडतो. बाहेरच्या थरातल्या छोट्या वाहिन्या गळक्या होतात, पाणी आणि प्रोटीन भिंतीत उतरतं, पाठोपाठ न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफाज या पांढऱ्या पेशी शिरतात, त्यांच्याकडे इलास्टेज, एमएमपी-९ असली लवचीक तंतू कापणारी एन्झाइम्स असतात. रेघ कापली गेली की आतल्या रक्ताच्या दाबाने भिंत बाहेर सरकते, तो फुगवटा. कापणारे हात वेगळे, दार उघडणारा वेगळा.

आणि तो एकटा येत नाही. टीएनएफ-अल्फा, आयएल-१, आयएल-६ हे जळजळीचे संदेशवाहक, म्हणजे सायटोकाइन, वाढले की पेशी व्हीईजीएफ जास्त सोडतात, तो वाढला की अजून पेशी आत येतात, त्या अजून सायटोकाइन सोडतात. हे चक्र आहे, त्यामुळे "सुरुवात कोणी केली" याला फारसा अर्थ राहत नाही.

सावलीची_आई

काचपट्टी ताई, तुम्ही "गळणं" लिहिलंत आणि मला एकदम तिचे हात आठवले. सहाव्या दिवशी तिचे तळहात, पावलं अशी सुजली होती की मोजा काढल्यावर घोट्याच्या वर खोल वळ राहिला आणि अर्ध्या तासाने बघितलं तरी तसाच. बोटांनी खेळणं धरता येत नव्हतं, रडत होती. मला वाटलं सलाइनमुळे सूज आहे, पण सलाइन तर त्यानंतर लागलं. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.७ होतं, ते कमी का ते कोणी सांगितलं नाही. हे त्याच गळण्याचं आहे का?

इको_रूम

हो, बऱ्याच अंशी त्याचंच. मी लहान मुलांच्या कार्डिओलॉजीत शिकतोय, रोज दिवसाचे चार तास इकोच्या मशीनपुढे असतो, त्यामुळे इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

अल्ब्युमिन हे रक्तातलं मोठं प्रोटीन, वाहिन्या घट्ट असतील तर बाहेर जात नाही. वाहिन्या गळक्या झाल्या की ते ऊतीत उतरतं, सोबत पाणी जातं, हातपाय सुजतात, रक्तातलं अल्ब्युमिन आणि बऱ्याचदा सोडियमही खाली येतं. अर्थात अंगात जळजळ असली की लिव्हरही अल्ब्युमिन कमी बनवतं, तेव्हा सगळं खापर गळण्यावर फोडता येणार नाही. पण कावासाकीत व्हीईजीएफ जास्त आणि अल्ब्युमिन कमी हे एकत्र दिसतं, आणि आयव्हीआयजीला दाद न देणाऱ्या मुलांत हे जास्त ठळक असतं. अल्ब्युमिन ३ किंवा त्याखाली असणं हे अर्धवट लक्षणांच्या कावासाकीत निदानाला मदत करणाऱ्या तपासण्यांच्या यादीत आहेच. म्हणजे बघा ताई, व्हीईजीएफची वेगळी टेस्ट न करता त्याच्या कामाची सावली तुमच्या साध्या रिपोर्टमध्ये होतीच.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. उपचार मिळाले नाहीत तर साधारण चारातल्या एका मुलाला कोरोनरी फुगवटा होतो. आयव्हीआयजी पहिल्या दहा दिवसांत मिळालं तर हे प्रमाण ४-५ टक्क्यांच्या आसपास येतं. तुमच्या मुलीला नवव्या दिवशी मिळालं, उशीर झाला खरा पण खिडकी बंद व्हायच्या आत मिळालं. १० ते २० टक्के मुलांचा ताप पहिल्या डोसने उतरत नाही, तिथे दुसरा डोस, स्टिरॉइड, इन्फ्लिक्सिमॅब वगैरेचा विचार होतो. यातलं कुठलंच थेट व्हीईजीएफवर जात नाही, सगळी त्याच्या वरच्या टप्प्यावर, जळजळीवर काम करतात, आणि ती शांत झाली की व्हीईजीएफ मागोमाग खाली येतो.

झेड स्कोअर म्हणजे मुलीच्या शरीराच्या मापाला धमनी किती असायला हवी त्यापासून किती लांब गेली ते. २.५ ते ५ छोटा, ५ ते १० मध्यम, १० च्या वर किंवा सरळ ८ मिमी आणि वर गेला की जायंट. जायंटची खरी भीती फुटण्याची नसते, गुठळीची असते. ५.४ म्हणजे मध्यमच्या अगदी उंबरठ्यावर.

तर्कट

प्रतिवाद करतो, राग नसावा. व्हीईजीएफ जास्त असलेल्या मुलांत फुगवटे जास्त, स्लाइडवर तिथेच तो दिसतो, आणि व्हीईजीएफच्या व त्याच्या रिसेप्टरच्या (पेशीवर तो जिथे चिकटतो त्या जागेच्या) जीनमधल्या काही फरकांचा कोरोनरी बिघाडाशी संबंध सापडल्याचंही मी वाचलंय. मग एवढं सगळं असताना तो कारण आहे असं सरळ म्हणायला काय हरकत आहे? "दार उघडणारा" हे जरा बचावाचं वाटतं.

काचपट्टी

राग कसला, हाच प्रश्न विचारायला हवा. जिथे आग तिथे धूर दिसतो आणि जिथे आग मोठी तिथे धूर जास्त, पण धुराचं माप घेऊन धुरानेच घर जळालं म्हणता येत नाही. ज्या मुलात जळजळ जास्त त्यात सीआरपी (जळजळ दाखवणारं रक्तातलं प्रोटीन), आयएल-६, व्हीईजीएफ सगळेच जास्त, आणि फुगवटाही जास्त. जीनचे अभ्यास आहेत, पण बरेचसे लहान गटांवरचे आणि एका लोकसमूहात सापडलेलं दुसऱ्यात तसंच सापडेल असं नसतं. टीजीएफ-बीटाच्या मार्गावरचे जीन, आयटीपीकेसी, अशी बरीच नावं या आजारात आलीत, व्हीईजीएफ त्यातला एक.

शिवाय व्हीईजीएफ एकटा मोजून भागत नाही. अँजिओपोएटिन-१ वाहिन्यांना घट्ट ठेवतो, अँजिओपोएटिन-२ ती घडी सैल करतो. तीव्र कावासाकीत व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ वर जातात आणि १ खाली येतो असं दिसलंय, म्हणजे दार ढकलणारे दोघे आणि कडी लावणारा गैरहजर. म्हणून मी त्याला सामील म्हणेन, आणि महत्त्वाचा सामील म्हणेन, पण एकटा गुन्हेगार नाही. याच्यापुढे जाऊन बोलायला माझ्याकडे पुरावा नाही.

सेंट्रिफ्यूज

टेस्टबद्दल मी लिहितो, कारण मी लॅबमध्ये हेच काम करतो आणि हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही.

व्हीईजीएफ रक्तात मोकळा थोडाच असतो. प्लेटलेटच्या पोटात बराच साठलेला असतो. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू दिलं की प्लेटलेट फुटतात आणि तो साठा सीरममध्ये येतो. म्हणजे सीरममध्ये मोजलेला व्हीईजीएफ हा बराचसा ट्यूबमध्ये तयार झालेला आकडा आहे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे न गोठणाऱ्या रक्तातून प्लाझ्मा काढला तर आकडा खूप कमी येतो, आणि तोही सेंट्रिफ्यूज किती लवकर केलं, किती वेगाने केलं यावर हलतो. सॅम्पल तासभर टेबलावर राहिलं तर वेगळा.

आता कावासाकीत काय होतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट सात-आठ लाख, कधी दहा लाखांच्याही वर जातात. तर तेव्हा सीरममधला व्हीईजीएफ वाढलेला दिसेलच, पण तो धमनीमुळे की नुसत्या प्लेटलेटमुळे हे त्या एका आकड्यावरून कसं ठरवणार? संशोधन करणारे हे हिशोबात धरतात, प्लेटलेटने भागून बघतात, प्लाझ्मा वापरतात. पण एका मुलीच्या एका रिपोर्टवर "जास्त" असं लिहून आलं तर घरच्यांची झोप उडण्यापलीकडे काही होणार नाही. ताई, तुमच्या जागी मी ही टेस्ट केली नसती.

सावलीची_आई

दादा, खूप खूप धन्यवाद. तिचे प्लेटलेट अकराव्या दिवशी ८,४०,००० होते. टेस्टचा विचार सोडला.

वळणवाट

माझा प्रश्न मोठ्यांबद्दल आहे. वय ५२, छातीत दुखलं म्हणून अँजिओग्राफी केली, ब्लॉक फार नाहीत पण उजवी कोरोनरी लांबपर्यंत रुंद आहे, "एक्टेशिया" लिहिलंय, डाय हळू पुढे सरकतो म्हणाले. लहानपणी कावासाकी झाल्याचं घरात कोणाला माहीत नाही. यातही व्हीईजीएफचा हात असतो का?

इको_रूम

काका, मोठ्यांत सर्वात सामान्य कारण अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस, म्हणजे चरबीचा थर आणि त्याबरोबरची जळजळ. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट रुंद झालं की फुगवटा म्हणतात, आणि तेच लांब पट्ट्यात असलं की एक्टेशिया, आणि उजवी कोरोनरीच यात जास्त सापडते. तुमच्यासारख्या रुग्णांत व्हीईजीएफ जास्त आढळल्याचे छोटे अभ्यास आहेत, एमएमपी वाढलेले असतात, भिंतीतल्या बारीक वाहिन्याही वाढतात, म्हणजे यंत्रणा बरीच ओळखीची आहे. पण काळ वेगळा, मुलांत जे काही आठवड्यांत घडतं ते इथे वर्षानुवर्षं चालतं. तुमच्या हातात आहे ते म्हणजे कोलेस्टेरॉल, बीपी, तंबाखू, आणि रक्त पातळ करणारं औषध कुठलं आणि किती काळ हे कार्डिओलॉजिस्टबरोबर ठरवणं. लहानपणीच्या कावासाकीची शंका मात्र त्यांना जरूर बोलून दाखवा, मोठ्यांत कधी कधी तो उशिरा सापडतो, विशेषतः धमनीच्या सुरुवातीलाच कॅल्शियमचं कडं असलेला फुगवटा असेल तर.

निशाचर

कॅन्सरच्या औषधांचा ताईंचा प्रश्न राहिलाच की.

काचपट्टी

राहिला खरा, आणि या सगळ्यात मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो.

बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफला पकडून ठेवणारं औषध, २००४ पासून कॅन्सरमध्ये वापरात आहे. गोळ्यांच्या रूपात रिसेप्टर बंद करणारीही बरीच आलीत. मग ताईंना वाटलं तसं कोणालाही वाटेल की गळती थांबवायला हेच द्या. पण निरोगी धमनीच्या आतल्या अस्तरालाही थोडा व्हीईजीएफ रोज लागतो. त्याच्यामुळे त्या पेशी जगतात, नायट्रिक ऑक्साइड बनवतात, वाहिनी सैल राहते. तो पूर्ण रोखला की बीपी चढतं, गुठळ्यांचा धोका वाढतो, जखमा भरत नाहीत. आणि पुढे जे कळलं ते तर नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे, शिरेतून किंवा तोंडाने घ्यायच्या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधांच्या माहितीपत्रकात युरोपातल्या औषध नियामकांनी धमनीत फुगवटा होणे आणि धमनीची भिंत उकलणे ही सूचना घालायला लावली. म्हणजे व्हीईजीएफ बेसुमार वाढला तर भिंतीचं नुकसान, आणि बंद केला तरी भिंतीचं नुकसान. तीन वर्षांच्या मुलीच्या, आधीच दुखावलेल्या धमनीत असलं औषध देणं कोणी सुचवणार नाही.

उलट्या दिशेनेही करून बघितलंय. ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडतं अशा मोठ्या माणसांना व्हीईजीएफ देऊन नव्या वाहिन्या उगवता येतील का, यासाठी व्हिवा नावाची चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल आले, ठरवलेल्या मुख्य मोजमापावर ते औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे नकली औषधापेक्षा, सरस ठरलं नाही. नुसता व्हीईजीएफ ओतून नीट, टिकाऊ वाहिनी बनत नाही. घाईत फुटलेली वाहिनी गळकीच असते.

तर्कट

हे पटलं. माझी वरची भाषा मागे घेतो. पण मग आजार ओसरल्यावर तो काय करतो? तापानंतर महिन्यांनी-वर्षांनी?

काचपट्टी

इथे त्याचं काम बदलतं. तीव्र टप्पा सरला की भिंत स्वतःला सावरायला लागते, इंटिमात स्नायूसारख्या पेशी, मायोफायब्रोब्लास्ट, येऊन थर चढवतात. फुगवटा "बसला" असं इकोत दिसतं ते बऱ्याचदा यामुळे, आतून थर चढल्याने पोकळी परत मापात येते. हा थर योग्य तिथे थांबला तर छान, थांबला नाही तर तिथेच अरुंद जागा होते. कावासाकीनंतर कित्येक वर्षांनी काढलेल्या धमन्यांतही टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ, व्हीईजीएफ हे घटक जागे असलेले सापडलेत, म्हणजे बाहेरून शांत दिसणारी जागा आतून काम करत असते.

आणि मोठ्या फुगवट्यात गुठळीने रस्ता बंद झाला तर त्या गुठळीतूनच पुढे बारीक बारीक नव्या वाटा फुटतात. आडवा काप घेतला तर कमळाच्या देठाच्या कापासारखा दिसतो, गोलात छोटी छोटी गोल छिद्रं, मधे पातळ पडदे. शेजारून आडवाटाही तयार होतात आणि स्नायूला रक्त पोचतं. नव्या वाहिन्या फोडणं हे व्हीईजीएफचं मूळ कामच, आणि इथे ते मुलाच्या बाजूने पडतं. पहिल्या आठवड्यात ज्याच्याबद्दल आपण काळजी करत होतो तोच.

इको_रूम

+१. आणि म्हणूनच इको पुन्हा पुन्हा सांगतात. साधारण अर्धे ते दोन तृतीयांश फुगवटे एक-दोन वर्षांत मापात येतात, छोटे जास्त, जायंट फार कमी. पण ताई, इकोत आतली पोकळी दिसते, भिंतीची जाडी आणि तिचा ताठपणा नीट दिसत नाही. म्हणून "नॉर्मल झालं" म्हटल्यावरही फॉलो-अप सुटत नाही. एक विनंती, पहिल्या इकोपासूनचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, नुसतं "डायलेटेड" लिहिलेलं नको, मिमी, झेड स्कोअर आणि त्या दिवशीचं वजन-उंची हे सगळं हवं. ती वीस वर्षांची झाल्यावर नव्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग सर्वात मोठ्या मापाचाच होईल.

आणि अ‍ॅस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्यांची लागण झाली, घरात कोणाला झाली तरी, लगेच कळवा. आयव्हीआयजीनंतर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी साधारण ११ महिने पुढे ढकलतात, तेही तारखेसकट लिहून ठेवा.

सावलीची_आई

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून फाइलमध्ये लावलेत. इतके दिवस मी त्या शब्दाला शत्रू समजत होते.

परवाच्या इकोचं सांगते. एलएडी २.५ मिमी, झेड स्कोअर २.२. इथे वाचलं त्यावरून मी विचारलं की हे बरं झालंय की थर चढून मापात आलंय, तर डॉक्टर दोन मिनिटं थांबले, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले दोन्ही, आणि म्हणूनच तुम्ही येत राहायचं. सावली शेजारी शांत पडून होती, जेल थंड लागतं म्हणून पोट आत ओढून. स्क्रीनवर ती धमनी दोन पांढऱ्या रेघांसारखी दिसत होती, मधे काळं, आणि जिथे आधी फुगीर होतं तिथे त्यांनी कर्सर ठेवून मला दाखवलं, वरची रेघ खालच्यापेक्षा किंचित जाड होती. मला वाटलं म्हणून दिसली असेल, माहीत नाही. पुढचं इको सहा महिन्यांनी. अ‍ॅस्पिरिन अजून चालू. माप याच धाग्यावर टाकेन.